औषधी जंतूंच्या वाणाची निवड

मृगाचा पहिला पाऊस पडला म्हणजे तापलेल्या जमिनींतून जो वास सुटतो त्यास आपण मातीचा वास म्हणतों. वस्तुतः तो वास मातीचा नव्हे. मातींत राहणाऱ्या सूक्ष्म जंतूंनीं तयार केलेल्या एका द्रव्याचा तो आहे. शास्त्रज्ञ ह्या जंतूंच्या कुळास स्ट्रेप्टोमायसिस असें म्हणतात. ते बुरशीप्रमाणें बारीक तंतु पसरून वाढतात, आणि म्हणून पुष्कळ वर्षें त्यांची गणना बुरशींतच होत असे. पण शरीररचना पाहतां ते जंतुवर्गांतीलच ठरले आहेत. शेणखत कुजविणें, काडीकचरा व पालापाचोळा यांची माती करणें, हीं कामें ते आपल्या शेतांत बिनबोभाट करीत असतात. त्याखेरीज त्यांचा आणखी एक मोठा उपकार आहे. माणसांना व जनावरांना जीं रोगजंतुनाशक औषधें दिलीं जातात, ज्यांस प्रतिजैविकें हें नांव आतां रूढ झालें आहे, त्यांपैकीं निसर्गांत मिळालेलीं अर्ध्याहून अधिक औषधें ह्याच कुळांतील जंतूंचीं आहेत. सन १९४३ मध्यें अमेरिकेंतील न्यू जर्सी संस्थानांत, शेतकी प्रयोगशाळेंत काम करणाऱ्या शाट्झ व वाक्समन या शास्त्रज्ञांनीं भरपूर खत घातलेल्या शेताच्या मातींतून एक जंतु निवडला. त्यापासून स्ट्रेप्टोमायसिन निघालें, आणि क्षयरोगावर पहिलें खरें गुणकारी औषध मनुष्याच्या हातीं आलें.

प्रस्तुत लेखाचा विषय ह्याच कुळांतील दुसरा एक जंतु हा आहे. त्याच्यापासून निघणारें द्रव्य स्वतः रोगजंतूंस फारसें मारीत नाहीं. तथापि रोगजंतूंनीं औषधाविरुद्ध उगारलेलें हत्यार तें निकामी करतें, आणि निरुपयोगी होऊं लागलेल्या औषधास पुन्हां कामास लावतें. रानांतला मूळ जंतु हें द्रव्य अगदींच थोडें देतो. त्याचें उत्पन्न वाढविण्यासाठीं गेल्या अर्धशतकांत जी खटपट झाली ती वाचतांना आम्हांस पदोपदीं ज्वारीच्या कणसांची निवड व कपाशीच्या बियाण्याची शुद्धता आठवली. तेव्हां हा विषय डॉक्टरांचा आहे असें म्हणून आपल्या वाचकांनीं पान उलटूं नये, अशी विनंति आहे.

ह्या विषयाकडे आमचें लक्ष जाण्यास कारण घरचेंच घडलें. गेल्या पावसाळ्यांत आमच्या एका दुभत्या म्हशीस दगडी झाली. मागचा एक सड सुजून कठीण झाला, धार काढतांना म्हैस लाथ मारूं लागली, आणि दुधांत गुठळ्या दिसूं लागल्या. तालुक्याच्या गांवाहून पेनिसिलिनच्या नळ्या आणून सडांत सोडल्या. दोन दिवसांत सूज उतरली. तेव्हां उरलेल्या नळ्या पुढें उपयोगी पडतील म्हणून गड्यानें त्या कोनाड्यांत ठेविल्या, आणि आम्हींहि त्यास कांहीं बोललों नाहीं. पैसे वांचले एवढेंच मनांत आलें. तीन आठवड्यांनीं तोच सड पुन्हां सुजला. त्याच नळ्या पुन्हां सोडल्या, पण ह्या खेपेस गुण येईना. शेवटीं पशुवैद्यांनीं दुधाचा नमुना तपासणीस पाठविला. उत्तर आलें कीं, सडांतील जंतु पेनिसिलिन फोडून टाकणारे आहेत; साधें पेनिसिलिन कितीहि दिलें तरी व्यर्थ. मग त्यांनीं जें औषध दिलें त्यांत दोन द्रव्यें होतीं. एक ॲमॉक्सिसिलिन, म्हणजे पेनिसिलिनचाच सुधारलेला प्रकार. दुसरें क्लॅव्युलॅनिक आम्ल. हें दुसरें नांव आम्हीं त्या दिवशीं प्रथम ऐकलें.

पेनिसिलिन फोडून टाकणें म्हणजे काय, हें आधीं सांगितलें पाहिजे. जंतूच्या शरीराभोंवतीं एक कठीण भिंत असते. जंतु वाढतो तसतशी ती भिंत त्यास सारखी बांधावी लागते. हें बांधकाम करणारीं जीं विकरें जंतूच्या अंगीं असतात त्यांस पेनिसिलिन जखडून टाकतें. भिंत अपुरी राहते, आणि आंतील दाबानें जंतु फुटून मरतो. विकर म्हणजे सजीवांच्या शरीरांत रासायनिक क्रिया घडवून आणणारें द्रव्य. मोड आलेल्या धान्यास जी गोडी येते ती अशाच विकरामुळें. पेनिसिलिनचें सर्व सामर्थ्य त्याच्या रेणूंतील एका चौकोनी कड्यांत आहे. ह्या कड्यास बीटा-लॅक्टम असें म्हणतात. कांहीं जंतु स्वतःचें एक निराळें विकर तयार करतात, आणि तें विकर नेमकें हेंच कडें तोडतें. कडें तुटलें कीं औषधाचें पाणी झालें असें समजावें. ह्या विकराचें नांव बीटा-लॅक्टमेज.

आश्चर्याची गोष्ट ही कीं, औषध रोग्यांच्या हातीं पडण्यापूर्वींच हा शत्रु शास्त्रज्ञांस भेटला होता. ऑक्सफर्ड येथें एब्राहॅम व चेन यांनीं पेनिसिलिन नष्ट करणारें विकर जंतूंत सांपडल्याचें सन १९४० च्या डिसेंबरांत प्रसिद्ध केलें. आणि तेथील पहिल्या रोग्यास पेनिसिलिन देऊन त्याचा गुण पाहिला तो सन १९४१ च्या फेब्रुवारींत. पुढें औषधाचा प्रसार झाला तसे त्यास न जुमानणारे जंतुहि वाढले. लंडन शहरांतील एका रुग्णालयांत मेरी बार्बर या विदुषीनें पू करणाऱ्या स्टॅफिलोकॉकस जंतूंची मोजदाद ठेविली होती. सन १९४६ मध्यें त्यांपैकीं शेंकडा १४ जंतु पेनिसिलिनला दाद देत नव्हते. सन १९४८ मध्यें हें प्रमाण शेंकडा ५९ वर गेलें. अवघ्या दोन वर्षांचें हें अंतर! हें विकर औषधामुळें नव्यानें जन्मास आलें असें मात्र कोणी समजूं नये. कॅनडाच्या उत्तरेस युकॉन प्रांतांत बाराही महिने गोठलेली जमीन आहे. तेथील ३०,००० वर्षांपूर्वींच्या थरांत असलीं विकरें निर्माण करणारीं जनुकें सांपडल्याचें सन २०११ मध्यें प्रसिद्ध झालें. मातींतील जंतूंचें आपसांतलें युद्ध फार जुनें आहे. आपण एवढेंच करतों कीं, औषध वारंवार व अपुरें देऊन दुबळे जंतु तेवढे मारतों आणि सशस्त्र जंतूंस शेत मोकळें करून देतों. हरभऱ्यावरील घाटेअळीवर वर्षानुवर्षें एकच औषध फवारणाऱ्यास ह्याचा अर्थ निराळा सांगावयास नको.

इंग्लंडच्या सरे परगण्यांत ब्रॉकहॅम पार्क या ठिकाणीं बीचम कंपनीची संशोधनशाळा होती. पेनिसिलिनचा मूळ गाभा वेगळा काढून त्यास नवनवीं शेपटें जोडण्याची युक्ति ह्याच शाळेंतून सन १९५९ मध्यें जाहीर झाली, आणि ॲमॉक्सिसिलिन हें तिचेंच पुढचें फळ. पण शेपूट बदललें तरी पुष्कळ वेळां कडें तुटावयाचें राहत नाहीं. तेव्हां तेथील मंडळींनीं निराळा विचार केला. औषध मजबूत करण्याऐवजीं तोडणाऱ्यासच कां अडवूं नये? आणि मातींतील जंतु हजारों वर्षें एकमेकांशीं झगडत आलेले असतील, तर त्यांच्यापैकीं एखाद्यानें ह्या विकरावर उतारा शोधलेला असणारच. हा तर्क खेड्यांतल्या माणसासहि पटण्यासारखा आहे. जेथें विंचू तेथें उताऱ्याची मुळी, असें आपण म्हणतोंच.

उतारा शोधण्याची रीत फार साधी होती, आणि साधी म्हणूनच ती आम्हांस विशेष आवडली. खळीसारख्या घट्ट खाद्याच्या थाळींत पेनिसिलिन फोडणारे क्लेब्सिएला जंतु पेरावयाचे, व त्याच खाद्यांत थोडें पेनिसिलिनहि मिसळावयाचें. जंतु विकरानें पेनिसिलिन फोडतात व खुशाल वाढतात. थाळी पांढुरकी होते. आतां मातींतल्या निरनिराळ्या जंतूंच्या आंबवणाचा एकेक थेंब थाळींत जागजागीं ठेवावयाचा. ज्या थेंबाभोंवतीं जंतु मरून स्वच्छ वर्तुळ दिसेल, त्या थेंबांत विकरास रोखणारें कांहींतरी आहे. कारण विकर अडलें म्हणजे थाळींतलें पेनिसिलिन आपलें काम करूं लागतें. असे असंख्य थेंब ठेवून पाहिल्यावर ज्यांनीं वर्तुळ दाखविलें त्यांत एक जंतु असा निघाला कीं, त्याचें वर्णन सन १९७१ मध्येंच दुसऱ्यांनीं करून ठेविलें होतें. दक्षिण अमेरिकेंतील मातीच्या नमुन्यांतून तो अमेरिकेंतील लिली कंपनीच्या शास्त्रज्ञांनीं काढला होता. त्याच्या तंतूंवर लहान सोट्यासारखे आकार दिसतात, म्हणून त्यास स्ट्रेप्टोमायसिस क्लॅव्युलिजेरस, म्हणजे सोटेधारी, असें नांव मिळालें. त्याच्या पोटीं असलेलें हें द्रव्य मात्र पहिल्यांच्या नजरेंतून सुटलें होतें. सन १९७६ व १९७७ मध्यें तें शुद्ध स्वरूपांत जगापुढें आलें. तेंच क्लॅव्युलॅनिक आम्ल.

तें काम कसें करतें? त्याच्याहि अंगीं तसलेंच चौकोनी कडें आहे. विकरास वाटतें हें पेनिसिलिनच; तें धांवून जाऊन कडें तोडूं लागतें. पण तोडतां तोडतां आम्लाचा तुकडा विकरालाच घट्ट चिकटून बसतो, आणि विकर कायमचें निकामी होतें. कपाशीभोंवतीं आपण भेंडीची किंवा झेंडूची ओळ लावतों. कीड त्या सापळा पिकावर गुंतते व मुख्य पीक वांचतें. येथें सापळा त्याहून कडवा आहे, कारण त्यावर बसलेली कीड पुन्हां उठत नाहीं. इकडे मोकळें राहिलेलें ॲमॉक्सिसिलिन जंतूंचा समाचार घेतें. ह्या दोहोंचें मिश्रण ऑगमेंटिन या नांवानें सन १९८१ मध्यें इंग्लंडांत विक्रीस आलें. आज जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादींत हें मिश्रण आहे, आणि आपल्या देशांत फार खपणाऱ्या औषधांत त्याची गणना होते.

आतां खऱ्या विषयाकडे वळूं. मातींतून आणलेला सोटेधारी जंतु टाकींत वाढविला तर एक लिटर आंबवणांत आम्लाचा एक ग्रॅमाचाहि लहानसा अंशच मिळतो. अशा उत्पन्नावर कारखाना चालत नाहीं व औषध गरिबास परवडत नाहीं. जंतु स्वतःपुरतें आम्ल करतो. जास्त करण्यांत त्याचा कांहीं लाभ नाहीं. रानांतल्या बोराचें जसें असतें तसेंच. मनुष्यास टपोरें फळ हवें असेल तर निवड मनुष्यानेंच केली पाहिजे.

ही निवड कशी करावी ह्याचा धडा पेनिसिलिननें पूर्वींच घालून दिला होता. पेनिसिलिन हें जंतूपासून नव्हे तर बुरशीपासून निघतें, पण रीत एकच. फ्लेमिंग यांच्या सन १९२८ च्या मूळ बुरशीपासून दर घन सेंटिमीटर आंबवणांत अवघे दोन युनिट पेनिसिलिन मिळे. महायुद्धांत हें काम अमेरिकेंतील पिओरिया गांवीं शेतमालावर संशोधन करणाऱ्या सरकारी प्रयोगशाळेकडे गेलें. त्या शाळेंत मक्याचें सत्त्व काढल्यावर उरणारें भिजवणाचें पाणी पडून असे. तें बुरशीस खाद्य म्हणून घातलें तेव्हां उत्पन्न कित्येक पटींनीं वाढलें. नंतर चांगल्या बुरशीचा शोध सुरू झाला, आणि सन १९४३ मध्यें बाजारांतल्या एका सडक्या खरबुजावर ती सांपडली. तिच्या वंशांतून निवड केली. निवडलेल्यांवर क्ष-किरण सोडले. त्यांतून वांचलेल्यांची पुन्हां निवड केली. मग विस्कॉन्सिन विद्यापीठांत त्यांवर अतिनील किरण सोडले व पुन्हां निवड केली. अशा रीतीनें दोन युनिटांवरून उत्पन्न हजाराच्या घरांत गेलें. खरबूज, मका व निवड! ह्या तीन गोष्टींत शेतकऱ्यास परकें असें काय आहे, हें आम्हांस समजत नाहीं.

सोटेधारी जंतूवरहि प्रथम हीच कृति झाली. त्याचे बीजाणु पाण्यांत मोकळे करून त्यांवर अतिनील किरण सोडतात, किंवा जनुकांत फेरबदल करणाऱ्या तीव्र रसायनांत त्यांस थोडा वेळ ठेवतात. मात्रा अशी असते कीं बहुतेक बीजाणु मरावेत. शंभरांत एखादा वांचला तरी पुरे. वांचलेल्यांच्या जनुकांत कोठें ना कोठें बदल झालेला असतो. बहुतेकांत तो वाईटच असतो, कित्येकांत निरुपद्रवी, आणि हजारांत एखाद्यांत आपल्या कामाचा. म्हणून हजारों वसाहती एकेक करून वाढवावयाच्या, प्रत्येकीचें आम्ल मोजावयाचें, उत्तम चार-पांच राखून बाकीच्या टाकून द्यावयाच्या, आणि त्या चार-पांचांवर पुन्हां तेंच. मोहोळच्या शेतावर स्थानिक मालदांडींतून निवड करीत करीत मालदांडी ३५-१ हें वाण ज्यांनीं काढलें त्यांनीं कणसें तपासलीं; येथें थाळ्या तपासतात. चिकाटी तीच. फरक एवढा कीं, ज्वारीची पिढी वर्षास एक आणि जंतूची पिढी कांहीं तासांची.

ह्या रीतीचा एक दोषहि आहे. किरणांचा मारा आंधळा असतो. चांगल्या बदलाबरोबर चार वाईट बदलहि त्याच वाणांत साठत जातात. आम्ल पुष्कळ देणारा जंतु कधीं मंद वाढतो, कधीं बीजाणु धरीत नाहीं, आणि खाद्यांत थोडा उणेपणा झाला तरी रुसतो. भरघोस उत्पन्नाचीं कांहीं वाणें खतपाण्यास जशीं हळवीं असतात, त्याचाच हा मासला. म्हणून जनुकांची ओळख पटूं लागली तसे शास्त्रज्ञ आंधळा मारा सोडून नेमक्या जागीं हात घालूं लागले.

येथें द्राक्षबागाइतदारांनीं विशेष लक्ष द्यावें. हा जंतु केवळ क्लॅव्युलॅनिक आम्लच करतो असें नाहीं. त्याच वेळीं तो सेफामायसिन-सी नांवाचें दुसरें एक प्रतिजैविक करतो, आणि क्लॅव्युलॅनिक आम्लाचीं कांहीं भावंडेंहि करतो. त्यांतील एक औषधांत मुळींच येतां कामा नये असें आहे. म्हणजे वेलाचा रस नको त्या फुटव्यांत जातो. कॅनडांतील शास्त्रज्ञांनीं सेफामायसिनच्या वाटेवरील एक जनुक मोडून ती वाट बंद केली, तेव्हां रानटी जंतूंत आम्लाचें उत्पन्न दुप्पट ते अडीचपट झालें. ही छाटणी मोठीच फलदायी दिसली. मग कारखान्यांतील सुधारलेल्या वाणांत हीच वाट व भावंडांची वाट, अशा दोन्ही बंद करून पाहिल्या. दोन्ही नको तीं द्रव्यें नाहींशीं झालीं. पण आम्ल वाढलें तें सुमारें शेंकडा १० च. हा वृत्तांत सन २००१ मध्यें प्रसिद्ध झाला. आमच्या मतें ह्या विषयांतील सर्वांत बोधप्रद आंकडे हेच. रानांतल्या वेलास छाटल्यानें जें साधतें तें पिढ्यान्‌पिढ्या छाटलेल्या वेलास छाटल्यानें साधत नाहीं. जुन्या निवड करणारांनीं आंधळेपणानें कां होईना, बहुतेक काम आधींच उरकलें होतें. तथापि शेंकडा १० हें प्रमाण थोडें नव्हे. ज्याची टाकी हजारों लिटरांची आहे त्यास त्याची किंमत विचारावी. आणि नको असलेलें द्रव्य मुळांतच नाहींसें झाल्यामुळें शुद्धीकरणाचा त्रासहि वांचला.

दुसरा प्रयोग खताच्या हिशेबासारखा आहे. क्लॅव्युलॅनिक आम्ल घडविण्यास जंतूस दोन कच्चे माल लागतात. एक साखर व ग्लिसरीन यांच्या विघटनांतून मिळणारा तीन कर्बांचा तुकडा, आणि दुसरा आर्जिनिन हा नत्रयुक्त पदार्थ. पहिला तुकडा जंतु बहुतेक सर्व स्वतःच्या पोटासाठीं जाळून टाकतो. अमेरिकेंतील बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांत ली व टाउन्सेंड यांनीं हें जाळण्याचें काम करणाऱ्या विकराचें एक जनुक काढून टाकलें. आम्लाचें उत्पन्न दुप्पट झालें. पण आतां आर्जिनिन कमी पडूं लागलें. म्हणून तें खाद्यांतून घातलें, तेव्हां उत्पन्न आणखी वाढलें. हें सन २००६ चें काम. नत्राची उणीव भरून काढावी तों स्फुरदाची उणीव दिसावी, हा अनुभव आपणांस नवा नाहीं. पिकाचें उत्पन्न ज्या अन्नद्रव्याची सर्वांत अधिक उणीव असेल त्यावर अडतें, हा नियम टाकींतल्या जंतूसहि तसाच लागू आहे. आणि स्फुरदाचें नांव निघालें म्हणून सांगतों, ह्या जंतूच्या खाद्यांत स्फुरद अधिक झाला तर तो जोमानें वाढतो पण आम्ल करण्याचें टाळतो. झाड माजलें कीं फळ धरीत नाहीं, दुसरें काय!

सन २०१० मध्यें ह्या जंतूच्या सर्व जनुकांची लिपि वाचून प्रसिद्ध झाली. आम्ल करणारीं जनुकें व सेफामायसिन करणारीं जनुकें एकमेकांस लागून आहेत व एकच मुकादम दोन्ही टोळ्यांस कामास लावतो, हें पूर्वींच कळलें होतें. ह्या मुकादमाच्या जनुकाच्या जादा प्रति जंतूंत घातल्या असतां उत्पन्न वाढतें. पण ती वाढ नको त्या टोळीचीहि होते, म्हणून छाटणी व मुकादमी ह्या दोन्ही युक्त्या एकत्र वापराव्या लागतात.

वाण तयार झालें म्हणजे काम संपलें असें नाहीं, आणि येथें बियाण्याचे व्यवहार करणारांस आपलाच धंदा दिसेल. ह्या कुळांतील जंतूंचा स्वभाव फार चंचल असतो. त्यांच्या जनुकमालिकेचीं टोकें पिढी उलटतांना सहज गळून पडतात. एका थाळींतून दुसरींत, दुसरींतून तिसरींत असें करीत राहिलें तर कांहीं काळानें बीजाणु न धरणाऱ्या, आम्ल न करणाऱ्या टकल्या वसाहती दिसूं लागतात. त्यांस आम्ल करण्याचा बोजा नसल्यामुळें त्याच जोरानें वाढतात व चांगल्यांस मागें टाकतात. म्हणून उत्तम वाण मिळाल्याबरोबर त्याचे बीजाणु गोठवून व वाळवून कांचेच्या असंख्य कुप्यांत बंद करतात. त्यांतील एक कुपी फोडून दुसऱ्या फळीच्या कुप्या करतात, आणि कारखान्याची टाकी ह्या दुसऱ्या फळींतूनच पेरतात. टाकींतला जंतु पुन्हां बियाण्यास कधींच धरीत नाहींत. पैदासकार बियाणें, पायाभूत बियाणें आणि प्रमाणित बियाणें अशी जी उतरंड आपण पाळतों तिचेंच हें रूप. घरचें संकरित बीं राखून पुढल्या वर्षीं पेरणाऱ्या आमच्या कांहीं बंधूंनीं हें ध्यानांत घेण्यासारखें आहे.

पेरणी लहान कुपीपासून वाढवीत मोठ्या टाकीपर्यंत नेतात. टाकींत सोयाबीनचें पीठ, ग्लिसरीन किंवा तेल, थोडे क्षार. उष्णता सुमारें २८ अंश. खालून अखंड गाळलेली हवा आणि आंत फिरणारी रवी. बाहेरचा एक जंतु शिरला तरी सगळी टाकी वायां जाते. शिवाय हें आम्ल पाण्यांत फार वेळ टिकत नाहीं. तयार होतें तसें थोडें थोडें नासतहि असतें. म्हणून योग्य वेळीं टाकी उतरवून, थंड करून, आम्ल झटपट वेगळें काढून त्याचा पोटॅशियमबरोबर क्षार करावा लागतो. तो क्षारहि दमटपणानें बिघडतो. घरांत ह्या औषधाच्या गोळ्या आल्या तर वेष्टणांतून आधींच काढून डबींत भरूं नयेत, आणि मुलांसाठीं पाणी घालून केलेलें औषध थंड जागीं ठेवून आठवड्यानें टाकून द्यावें, असें जें सांगतात त्याचें कारण हेंच.

असल्या विद्येची परंपरा आपल्याकडे नाहीं असें नव्हे. पुण्याजवळ पिंपरी येथें जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साह्यानें सन १९५४ मध्यें हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला, आणि पुढच्या वर्षीं तेथें पेनिसिलिन निघूं लागलें. तेथील संशोधक थिरुमलाचार व त्यांचे सहकारी यांनीं पिंपरीच्या मातींतीलच एका स्ट्रेप्टोमायसिस जंतूपासून बुरशीजन्य रोगांवरील हमायसिन हें औषध काढलें. त्या जंतूच्या नांवांतहि पिंपरी गोंवलेली आहे. आपल्या बांधावरच्या ढेकळांत काय दडलें आहे हें पाहण्यास दक्षिण अमेरिकेसच गेलें पाहिजे असें नाहीं.

क्लॅव्युलॅनिक आम्लाची एक मर्यादा मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे. पेनिसिलिन फोडणारीं सर्वच विकरें त्याच्या सापळ्यांत सांपडत नाहींत. कांहीं विकरें जस्ताच्या अणूंच्या साह्यानें कडें तोडतात. त्यांच्यावर हा सापळा मुळींच चालत नाहीं. सन २००९ मध्यें वर्णन झालेल्या अशाच एका विकरास नवी दिल्लीचें नांव देण्यांत आलें, कारण ज्या रोग्यांत तें सांपडलें तो तेथून स्वीडनला परत गेला होता. नांवावरून आपल्याकडे पुष्कळ रोष झाला. विकर मात्र नांवासाठीं थांबलें नाहीं, तें अनेक देशांत पसरलें आहे. म्हणजे एक सापळा लावून स्वस्थ बसण्याची सोय राहिली नाहीं. नवे उतारे शोधणें, ते करणाऱ्या जंतूंचें वाण सुधारणें, हें काम चालूच ठेवावें लागणार; आणि तें काम वर्षांचें असतें, तर औषध वायां घालविण्याचें काम दिवसांचें असतें.

ह्या वायां घालविण्यांत गोठ्यांचा व कोंबड्यांच्या खुराड्यांचा वांटा आहे हें आपण नाकारूं नये. कोंबड्या लवकर वजनांत याव्यात म्हणून खाद्यांत कोलिस्टिन हें औषध मिसळीत असत. माणसास दुसरें कोणतेंच औषध लागूं पडेनासें झालें म्हणजे शेवटीं जें देतात तेंच हें. सरकारनें सन २०१९ च्या जुलैंत खाद्योपयोगी जनावरांसाठीं त्याची विक्री व वापर बंद केला, हें योग्यच झालें. दगडीची गोष्ट निराळी. तेथें औषध द्यावेंच लागतें. पण तें दुधाची तपासणी करून द्यावें, सूज उतरली तरी सांगितलेल्या सर्व मात्रा पुऱ्या कराव्यात, आणि वेष्टणावर लिहिलेले दिवस संपेपर्यंत तें दूध संघास घालूं नये. अशा दुधास विरजण नीट लागत नाहीं, हें पुष्कळ गृहिणींनीं पाहिलें असेल. जें औषध विरजणाच्या जंतूंस मारतें तें मुलांच्या पोटांत गेल्यावर तेथील जंतूंस मारल्यावांचून कसें राहील? आजारी सडाचें दूध वासरास पाजण्याचीहि आपल्याकडे चाल आहे. तेंहि बंद केलें पाहिजे. वासराच्या आंतड्यांत आपण त्यामुळें सशस्त्र जंतूंचें बियाणेंच पेरतों.

आमच्या म्हशीस ते मिश्र औषध पूर्ण दिलें. दूध बरोबर तेवढे दिवस ओतून टाकलें, आणि घरांत त्यावरून कुरकुर झाली ती ऐकून घेतली. सड वांचला. मात्र पहिल्या खेपेस औषध अर्धवट सोडलें तेव्हांच गांठ आंत बसली होती. त्या सडाची धार पूर्वीच्या निम्म्यावर आली ती पुढल्या वेतांतहि वाढली नाहीं. कोनाड्यांतील उरलेल्या नळ्या आम्हीं पशुवैद्यांकडे परत नेऊन दिल्या.